एकीचं औषध दोघींना

अने,

गेल्या आठवड्यात नांदेडला जाऊन छाती तपासून घेतली. काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकसारख्या जुळ्या होतात तर आता दरवर्षी येत जा, आळस करू नका. बाहेर बाकावर तुझे दाजी हात जोडून बसले होते, जसं काही आत मी नाही, औंढ्याचा नागनाथच आहे. त्यांनी ऐकलं, डोळे पुसले आणि गाड्यावरून गरम भजी घेऊन आले. ती खाता खाता माझ्या मनात आलं, पुन्हा तेच झालं. गाठ तुझ्यात निघाली, माझ्यात नाही. एका पोटात, एका वेळी वाढलेल्या दोघी आपण, आणि जे व्हायचं ते तुलाच होतं. का, असं विचारलं की सगळे वर बोट दाखवतात.

तुला जाऊन तीन महिने होत आलेत. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी सारखं बोलू नये, त्याला मोकळं करावं. तुला कसली मोकळी करते? आपलं भांडण अर्धं टाकून गेलीस आणि वर मला एक काम लावून गेलीस. दवाखान्यात बोलायला दम पुरत नव्हता तेव्हा माझं मनगट धरून म्हणालीस, "सुने, माझ्या मागं हिला एकटी पाडू नको." ही म्हणजे रेणुका. वसमतला तुझ्याबरोबर एका घरात राहिलेली, ब्लाउज शिवणारी, तांड्यावरची रेणुका. तिला आपल्या घरात कोणी तुझी मैत्रीणसुद्धा म्हटलं नाही, 'ती शिवणवाली' म्हटलं. मी तुला हो म्हणाले. ते काम कसं चाललंय ते सांगायला बसले आहे. नीट चाललेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला चिडायला सोपं जाईल.

लहानपणी तुला खोकला झाला की अडुळशाचा काढा मलाही प्यावा लागायचा. मला खरूज झाली की गंधकाचं मलम तुलाही. मायचा नियमच होता तो, जुळ्यांचं औषध दोघींनी घ्यायचं, नाहीतर गुण येत नाही. आजारी तू जास्त पडायचीस, म्हणून कडू मी जास्त प्यायले. जन्मताना तू काडीसारखी आणि मी गुटगुटीत, असं माय सांगायची. तू म्हणायचीस, "पोटातच माझा वाटा खाल्लास गं." मी म्हणायचे, "मंग आता तुझ्या वाट्याचं औषध पिऊन राहिले न्हाई का?" नाक, डोळे, रंग, गालावरचा तीळ, इतकंच काय पण आवाजही एकच. फरक एवढाच की तू डावरी. मायनं तुझ्या डाव्या हाताला फडकं बांधून जेवायला बसवलं, तर जेवणापुरता हात फिरला, बाकी नाही. निंदायला बसलो की तुझं खुरपं उलट्या अंगानं यायचं आणि शेजारच्या बाईच्या कोपराला लागायचं. बाया शिव्या द्यायच्या, तू हसायचीस.

मला तू सांगितलंस ते हळद शिजवायच्या दिवसांत. शिजलेली हळद आपण दोघी वाळवणावर पसरत होतो, हात कोपरापर्यंत पिवळे. माझी सोयरीक जमून वर्ष होत आलं होतं, पण जुळ्या पोरी एकाच मांडवात उजवल्या पाहिजेत म्हणून वडिलांच्या मागं घर बघणाऱ्या काकांनी माझं लग्न अडवून धरलं होतं. तुला स्थळामागून स्थळ येत होतं आणि तू नाही म्हणत होतीस. तू वसमतच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली होतीस, सगळ्यांना वाटलं मास्तरीण झाल्यावर डोक्यात हवा गेली.

"सुने, काकाला सांग, तुझं लगीन उरकून घ्या. माझ्यासाठी थांबू नका. मला नवरा करायचाच न्हाई."

"काहून?"

"मला रेणुका आवडते."

"ती तर मलाबी आवडते. गुणाची पोरगी हाय."

"तसं न्हाई गं. तुला दाजी आवडतात, तसं."

मी तुझ्याकडे बघितलं. माझंच तोंड होतं ते, आणि त्याच्यावर एवढी भीती होती. मी हळद पसरत राहिले आणि मग विचारलं, "तिला ठाऊक हाय का?" तू इतकी हसलीस की पिवळ्या हातानंच डोळे पुसलेस आणि दिवसभर ते चुरचुरत राहिले. मला त्यातलं तेव्हा काही कळलं नव्हतं, पण तुला इतकं हलकं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला ते बरं वाटलं.

पुढे तू त्याची कारणं शोधायला लागलीस. विज्ञानाची मास्तरीण ना तू! पुस्तकं आणलीस, मोबाइलवर वाचलंस, सुट्टीत घरी आलीस की ओट्यावर बसून मला शिकवायचीस. एकच एक असा गुणधर्म रक्तात सापडत नाही, बारीक बारीक पुष्कळ असतात आणि ते मिळून थोडा कल देतात. लेकरू पोटात असताना त्याला कोणते हार्मोन किती मिळतात त्याचाही वाटा असावा. एकसारख्या जुळ्यांत एकीचं असं असलं तर दुसरीचंही असण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त, पण खात्री नाही. "आणि बायांवर अभ्यासच कमी झालाय," तू चिडून म्हणायचीस, "इथंबी आधी गड्यांचं बघतात." पोटात दोघींना पोसणारी वार एकच असली तरी दोघींना रक्त सारखं वाटून मिळतंच असं नाही, हे तू सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, "मंजे मी तुझा वाटा खाल्ला ते खरंच का?" त्यावर तू मला पट्टी मारलीस.

ती पट्टी तू बोटं मोजायला आणली होतीस. अंगठ्याजवळचं बोट आणि करंगळीजवळचं बोट, त्यांच्या लांबीत म्हणे पोटातल्या हार्मोनची खूण राहते. कुठेतरी पुष्कळ बायांची बोटं मोजून सरासरी काढली होती. आपण ओट्यावर चार हात पसरून बसलो. माझी मोजलीस, तुझी मोजलीस, पुन्हा मोजलीस. सारखीच निघाली. तुझं तोंड पडलं. मी म्हटलं, "अने, पट्टी वाकडी असंल." तू म्हणालीस, "सरासरीवरून एका माणसाचं काही कळत नसतं, ते मला ठाऊक हाय. पण वाटलं होतं, काहीतरी दिसंल." ते 'काहीतरी दिसंल' माझ्या अजून कानात आहे.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. माझं म्हणणं, कारण कशाला पाहिजे? मला तुझे दाजी का आवडले ते कोणी विचारलं का? त्यांचं नाक काय फार सरळ आहे? आवडले, झालं. तू म्हणायचीस, "तुला कुणी इचारत न्हाई म्हणून तुला उत्तर लागत न्हाई. मला रोज इचारतात." पण मला ते पटायचं नाही. मला वाटायचं, तू ज्यांच्यासाठी एवढा पुरावा गोळा करतेस त्यांना पुरावा नकोच आहे. पालथ्या घड्यावर पाणी. तू म्हणायचीस, मायला पुरावा लागेल. ती म्हणते, माझं काय चुकलं. तिला सांगायला पाहिजे की कोणाचंच चुकलं नाही, मी अशीच जन्मले.

माझं लग्न शेवटी एकटीचं झालं. त्यानंतरच्या नागपंचमीला मी माहेरी आले आणि त्याच वेळी तू मायला हे सांगितलंस. जन्मापासून आहे, माय. पोटातूनच असं आहे. तुला वाटलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. माय पोळपाटावरचे हात तसेच ठेवून म्हणाली, "मंजे माझ्या पोटात झालं ते?"

तिथं तुझं विज्ञान संपलं आणि मायचं सुरू झालं. पोटुशी असताना ग्रहणात तिनं भाजी चिरली होती, ते तिला आठवलं. वीतभर उंचीवरून पाय घसरला होता, ते आठवलं. रात्रंदिवस तेच. आणि त्यातून तिनं असं काढलं की शरीरातलं आहे म्हणजे औषध असणार. तू काही चोरी-लबाडी करत नाहीस, तुला बीमारी आहे, एवढं तिला पटलं, आणि तेवढ्यानं ती खूशसुद्धा झाली बिचारी. झाकली मूठ ठेवून तुला मोठ्या गावच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यानं रक्त काढलं, पोटावरून यंत्र फिरवलं, अंग चाचपलं, नको ते प्रश्न विचारले. मायसमोर. तपासणीत सगळं बराबर निघालं. माय म्हणाली, "काहीच न्हाई निघालं का, डॉक्टर?" असा नाराज आवाज की जणू पोरगी नापास झाली. मग त्यानं माय रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्या गोळ्या मीही खाल्ल्या, अने.

माय सकाळी चहाबरोबर एक गोळी आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, "खाय गुपचूप. ताकदीची हाय." पंचमीला आलेल्या लेकीला माय ताकदीची गोळी देते, यात वावगं ते काय? मी खात गेले. माझ्या तोंडावर फोड आले, पाळी मधेच आली, डोकं धरून बसू लागले. एक दिवस तू माझ्या हातातली गोळी पाहिलीस.

"माय, हे हिला काहून देऊन राहिली?"

"जुळ्यांचं औषध दोघींनी घ्यावं लागतं. तू एकटी खाशीन तर गुण येईल का?"

तू हसायला लागलीस. भिंतीला टेकून, पोट धरून. "सुने, तुला काय झालं गं? आता दाजी दुप्पट आवडायले का?" मलाही हसू आवरेना. माय दोघींकडे बघत उभी होती आणि तिला वाटलं, औषधाचा गुण आला, लेक किती दिवसांनी हसली. मग तू हसायची थांबलीस. गोळ्यांचं पाकीट उचललंस आणि मागच्या उकिरड्यावर टाकून आलीस. आत येऊन एवढंच म्हणालीस, "आता कोणत्याबी डॉक्टरला मी अंगाला हात लावू देणार न्हाई." मला वाटलं, रागाच्या भरात बोलतेस. माझ्यापेक्षा तू हट्टी, हे मला ठाऊक होतं, तरी तसं वाटलं.

मग काही वर्षांनी काका. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण गावात असल्या गोष्टीला पाय फुटतातच. त्यांनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं. मला मुद्दाम सासरहून आणलं, एक लेकरू कडेवर, एक बोटाला. तुला वाटलं असेल, बहीण आली, आधार झाला. काकांनी मला समोर उभं केलं आणि तुला म्हणाले, "तू म्हनती रक्तात हाय. मंग ही कोन हाय? एका आतड्याच्या दोघी तुमी. हिचा संसार चालू हाय, दोन लेकरं हायेत. हिच्या रक्तात न्हाई न् तुझ्याच रक्तात कसं आलं? नाटकं हायेत सगळी. लगीन केलं की जिरतीन."

तेव्हा मला कळलं, मला कशाला आणलं ते. आपल्या मायनं आपण एकच म्हणून मला तुझं औषध दिलं, आणि आपल्या काकांनी आपण एकच म्हणून मला तुझ्याविरुद्धचा पुरावा केलं. मी माझ्या घरी भाकरी करत होते, लेकरं वाढवत होते, आणि तेवढ्यानंच तू खोटी पडत होतीस. मला इतका संताप आला की लेकरू खाली ठेवून मी म्हटलं, "काका, ती डावरी हाय, मी उजवी. एकाच आतड्याच्या ना आमी? मंग तिचं डावरेपणबी नाटकच का?"

काका म्हणाले, "हाताचं येगळं असतंय." आणि उठून गेले. त्यांच्यापुरतं संपलं होतं.

मला वाटलं, तू मला शाबासकी देशील. एसटीच्या थांब्यावर तू पिशवी मांडीवर घेऊन बसलीस आणि म्हणालीस, "तूबी कारणच दिलंस, सुने." मी म्हटलं, "तुझंच शिकवलेलं दिलं." तू म्हणालीस, "व्हय. पण तू एकटी अशी होतीस जिला कारण लागत नव्हतं. आता तूबी लागली हिशोब मांडायला. मला कटाळा आला गं. मी हाय. एवढंच कुणी म्हणत न्हाई." गाडी आली आणि तू चढलीस. आपल्या बाजू त्या दिवशी बदलल्या. पुढे तू पुस्तकं शाळेला देऊन टाकलीस आणि मी मात्र मोबाइलवर वाचत बसायला लागले. जुळ्यांचं काही दिसलं की तुला फोन करायचे. "नवीन काय निघालं का?" असं तू खोडसाळपणे विचारायचीस आणि मी सांगायला लागले की म्हणायचीस, "राहू दे. वांग्याची भाजी कशी केली ते सांग."

पण अने, माझं म्हणणं तू कधी ऐकून घेतलं नाहीस. मला तुझं कारण नको होतं, मला माझं हवं होतं. जे तुझ्या वाट्याला आलं ते माझ्या का आलं नाही? तुझ्या जागी मी असते तर काकांनी तुला माझ्यासमोर उभं केलं असतं. हे कशावर ठरलं? कोणत्या रक्ताच्या थेंबावर? मला याचं उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि विचारायला तू नाहीस.

वसमतच्या घरी तुम्ही दोघी सुखात होतात, हे मी बघितलंय. दोन खोल्या, पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, मागं तुमचा संसार. तिच्या भावानं तांड्यावरचं दार तिला बंद केलं होतं, आपल्याकडे तुझ्यासाठी उघडं होतं पण तिच्यासाठी नाही. म्हणून सणावाराला तू आलीस तरी जेवून लगेच निघायचीस. मी तिकडे आले की रेणुका बाजरीची भाकरी आणि भाजी करायची, तिखट इतकी की माझ्या नाकातून पाणी. तू तिच्यावर ओरडायचीस, "मारशीन माझ्या बहिनीला!" आणि ती म्हणायची, "तुमच्या घरच्यांची जीभ लई नाजूक, मास्तरीणबाई." तिथं तू डाव्या हातानं जेवायचीस. इतक्या वर्षांनी, आरामात. ते आठवून परतीच्या एसटीत मला रडू आलं. आनंदानं आलं की कशानं, ते सांगता येत नाही.

गाठ रेणुकाला आधी कळली. तिनं तुझ्या पाया पडून सांगितलं, जेवण सोडलं, तरी तू गेली नाहीस. "दुखत न्हाई, मंग तकलीफ काय?" म्हणायचीस. तिनं मला फोन केला तोपर्यंत गाठ तुला झाकता येत नव्हती. मी तुला शिव्या घातल्या, त्या तू गुपचूप ऐकल्यास. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंना मी त्या जुन्या गोळ्यांचं विचारलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, थोडे दिवस खाल्लेल्या गोळ्यांनी हे होत नाही, मनातून काढून टाका. मी काढून टाकलं. पण त्या माणसानं तुझ्या अंगाला ज्या रीतीनं हात लावला, त्यानंतर तू कोणाला लावू दिला नाहीस, हे कसं काढू? तुझ्यावरही माझा राग आहे. सरळ सांगते. त्याच्यावरचा राग तू स्वतःच्या जिवावर काढलास.

आणि गंमत ऐक. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही एकसारख्या जुळ्या का, मग तुम्हालाही धोका जास्त. तिथं काका उभे होते. लगेच म्हणाले, "व्हय व्हय, एकच रक्त हाय. हिचंबी बघून घ्या." एकच रक्त! तू खाटेवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघून डोळा मारलास. तुझ्या डोक्यावर केस नव्हते, भुवया गेल्या होत्या, आणि डोळा मारलास! त्या एका डोळ्यासाठी मी तुझे शंभर अपराध माफ केले असते.

तू गेलीस तेव्हा रेणुका तुझ्याजवळ होती, हे बरं झालं. पण दवाखान्यातून तुला गावी आणताना गाडीत काका, चुलत भाऊ, माय, सगळ्यांना जागा झाली, तिला झाली नाही. ती एसटीनं मागून आली. मी तिथं असते तर तिला माझ्या मांडीवर बसवून आणलं असतं. मी गावात होते, आणि तुझी गाडी यायच्या आधीच बायांनी मला शेजारच्या घरात नेऊन बसवलं. जुळ्यातली एक गेली की दुसरीला मढं दाखवत नाहीत, गेलेली ओढून नेते म्हणे. दोघी-तिघी मला धरून बसल्या होत्या. अंगणातला आवाज ऐकू यायचा. तुला नेलं तेही मला आवाजावरूनच कळलं.

तेराव्याला मी कोणाचं ऐकलं नाही. जेवणं झाली, दुखवट्याची कापडं निघाली. ज्याचं माणूस गेलं त्याच्या अंगावर सोयऱ्यांनी कापड घालायचं. काका म्हणाले, "बिनलग्नाची गेली. तिच्या मागं कोन हाय? मायच्या अंगावर घाला न् उरका." रेणुका गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती, एकटी, तिच्या पुढ्यात कोणी पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवला नव्हता. मी एक लुगडं उचललं आणि तिच्या खांद्यावर घातलं. म्हटलं, "अनीचं माणूस ही हाय. अनी आमच्यापरीस जास्ती हिची होती." काका पायात चपला घालून बाहेर गेले. माय जमिनीकडे बघतच चुलत भावाच्या बायकोला म्हणाली, "तिला जेवू घाला. उपाशी धाडू नका." कारण नाही विचारलं मायनं. तू असतीस तर तुला हे किती बरं वाटलं असतं.

पण रेणुकानं मान वर केली नाही. लुगडं अंगावर घेतलं, दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मला वाटलं, तिचा राग आहे. असणारच. मी फोन केले, तिनं उचलले नाहीत. म्हणून तेराव्यानंतर आठवड्याभरानं मी डबा करून वसमतला गेले.

तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि दारातच खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"सुनीताताई, राग मानू नका. तुमच्याकडं बघवत न्हाई मला."

मी म्हटलं, "मी काय केलं गं?"

तर ती कान झाकून रडायला लागली. "बोलूबी नका, ताई. आवाज तोच हाय. त्या बोलून राहिल्या असं वाटते. न् मंग तुमी निघून जाता न् पुन्हा त्या गेल्या असं वाटते."

मी उभीच राहिले, हातात डबा. तुझं एक काम करायला आले होते आणि माझंच तोंड आडवं आलं होतं. परत फिरावं असं वाटलं. मग मी तिच्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून उंबऱ्यावर बसले. डबा मागं सरकवला. नंतर डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"पाठीमागून तुमी तुमीच दिसता," ती म्हणाली. "तुमची येणी लांब हाय. त्यांनी कधी केस वाढू दिले न्हाईत."

आता मी आठवड्याच्या बाजाराला जाते, तेव्हा तिच्या उंबऱ्यावर तशीच बसते. ती मागं बसून जेवते, मशीन चालवते, तुझं काही काही सांगते. तू चोरून खाल्लेल्या लोणच्याचं, तुझ्या घोरण्याचं. मला ठाऊक नसलेलं पुष्कळ आहे तिच्याजवळ. मी रस्त्याकडे बघत ऐकते. ती एकटी पडली नाही, अने. पण तिच्याकडे तोंड करून मला अजून बसू देत नाही ती. निघायच्या आधी ती विचारते, "ताई, च्या ठेवू का?" मी नुसती मान हलवते, हो म्हणत नाही. माझा आवाज ऐकला तर ती पुन्हा तुझ्यासाठी रडेल.